कोशिंबिरीला बढती!

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या तुझ्या रूमवर जेवायला?' तुम्ही उत्साहात अंगठा टाकता आणि मग भानावर येता. सहा जण येणार, शेगडी एक, कढईही एकच!

अशाच एका शनिवारी मी पावभाजीचा घाट घातला होता. भाजी मस्त झाली, पण मी रात्रभर तव्यापाशी पाव भाजत उभा. बाहेर आमची एक मैत्रीण सांगत होती, की ती कॉलेज सोडून गावी परत चाललीये. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. 'तू आत होतास ना,' ती म्हणाली. तेव्हाच ठरवलं, लोक आल्यावर आपल्याला ओट्यापाशी डांबून ठेवणारा पदार्थ करायचा नाही.

मग सापडलं चॉप्ड सॅलड. 'सॅलडने काय पोट भरणार?' हा प्रश्न येणारच. आपल्याकडे कोशिंबीर ताटात डावीकडे, तीही चमचाभर. तिला बढती देऊन ताटाच्या मध्यभागी आणायचं, तर तिच्यात दम हवा. तो येतो चणे, बटाटा आणि पनीरमुळे.

सहा जणांसाठी पाव किलो काबुली चणे रात्रीच भिजत घाला. भिजून-शिजून ते दुपटीहून जास्त भरतात. सकाळी थोडं मीठ घालून कुकरला लावा. मऊ हवेत, पण पिठूळ नकोत. दोन बटाटे उकडून गार करा. दोन काकड्या, तीन घट्ट टोमॅटो, एक सिमला मिरची, एक गाजर, एक कांदा, दोनशे ग्रॅम पनीर आणि भरपूर कोथिंबीर घ्या. डाळिंब परवडत असेल तर तेही.

आता एकच नियम पाळा, सगळं चण्याच्या आकाराचं चिरायचं. काकडीची भली मोठी फोड आली की चमच्यात दुसरं काही मावत नाही. तुकडे सारखे असतील, तर प्रत्येक घासात थोडं थोडं सगळं येतं. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. कांदा चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, उग्रपणा कमी होतो.

ड्रेसिंगसाठी झाकणाची बरणी पुरे. चार मोठे चमचे तेल, दोन लिंबांचा रस, चमचाभर मध, जिरेपूड, मिरपूड, मीठ आणि असेल तर थोडी कसुंदी. झाकण घट्ट लावून जोरात हलवा. तेल आणि रस तात्पुरते एकजीव होतात. चव जरा चढी ठेवा, कारण चणे-बटाटे ती शोषून घेतात.

ही बरणी सॅलडवर आधीच ओतलीत की फसलात! मीठ लागलं की काकडी-टोमॅटो पाणी सोडतात आणि तासाभरात बाऊलमध्ये तळं साचतं. चिरलेलं सगळं झाकून फ्रिजमध्ये ठेवा, ड्रेसिंग पानं घेताना घाला.

कोण काय खात नाही, हे ग्रुपवर आधीच विचारा. कुणी जैन असेल, तर कांदा, बटाटा, गाजर मिसळण्याआधी त्यांचा वाटा बाजूला काढा. भाजलेले दाणे आणि उकडलेली अंडी वेगळ्या वाट्यांत ठेवा. दाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला मग प्रत्येक घास तपासत बसावं लागत नाही. सोबत बेकरीतला ताजा पाव आणा, भाजायच्या भानगडीत पडू नका.

आणि हो, यादीतलं एखादं काही मिळालं नाही तर अडून बसू नका. अमेरिकेतलं प्रसिद्ध कॉब सॅलडही लॉस एंजेलिसच्या ब्राउन डर्बी रेस्टॉरंटमध्ये रात्री उशिरा, फ्रिजमध्ये होतं-नव्हतं ते चिरून जन्माला आलं, असा किस्सा सांगतात. तुमच्या फ्रिजमध्ये अर्धा कोबी पडून असेल, तर त्यालाही संधी द्या.

बेल वाजेल तेव्हा शेगडी बंद असेल. सतरंजी अंथरा, मध्ये मोठं पातेलं ठेवा, सगळ्यांच्या हातात चमचे द्या आणि तुम्हीही तिथेच बसा. कुणी काही सांगायला लागलं, तर या वेळी ते तुम्हालाही ऐकू येईल.