जगातल्या प्रत्येक दारावर एक टकटक

इंटरनेटवरच्या मूळ पद्धतीच्या पत्त्यांची संख्या ठरलेली आहे: ४,२९,४९,६७,२९६. दोनाचा बत्तिसावा घात. यातले राखीव पत्ते वगळून उरलेल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन ‘कुणी आहे का?’ एवढंच विचारायचं म्हटलं, तर किती वेळ लागेल? २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि अ‍ॅलेक्स हॅल्डरमन यांनी ते करून दाखवलं. एक संगणक, एका गिगाबिटची जोडणी आणि पाऊण तासाहून कमी वेळ! त्यांच्या या साधनाचं नाव झेडमॅप.

या शोधातली मला सर्वात भावलेली गोष्ट म्हणजे त्यातला शिष्टाचार, आणि तो चक्क अंकगणितात गुंफलेला आहे. पत्ते ओळीने तपासत गेलं, तर एकाच संस्थेचे हजारो पत्ते लागोपाठ येतात आणि सगळा मारा क्षणार्धात एकाच जाळ्यावर पडतो. म्हणून पत्ते विस्कटून घ्यायला हवेत. पण मग कुठे जाऊन आलो आणि कुठे जायचं राहिलं, याची चारशे कोटींची नोंदवही कशी सांभाळायची?

सांभाळायचीच नाही. ७ ही मूळ संख्या घ्या. १ पासून सुरुवात करा, दरवेळी ३ ने गुणा आणि ७ ने भागून बाकी ठेवा. क्रमाने ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १ येतात. १ ते ६ सगळे आकडे आले, प्रत्येक एकदाच आला, आणि तोही उलटसुलट क्रमाने. झेडमॅप हेच करतो. फक्त ७ च्या जागी दोनाच्या बत्तिसाव्या घातात १५ मिळवून येणारी मूळ संख्या वापरतो. लक्षात ठेवायचा तो फक्त आत्ताचा आकडा. पुढचा पत्ता गुणाकारातून आपोआप निघतो, आणि कुठल्याही एका जाळ्यावर भार पडत नाही. झेडमॅपच्या शोधनिबंधात या गणिताइतकंच ठळकपणे काही साधे नियमही सांगितले होते: तपासणी कोण करतंय हे उघड ठेवा, ज्यांना नको असेल त्यांना सहज नाव काढून घेता येईल अशी सोय करा आणि गरजेपेक्षा मोठी किंवा वारंवार तपासणी करू नका.

अशा टकटकीतून काय हाती लागतं? त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, नादिया हेनिंगर आणि याच तिघांनी इंटरनेटवरच्या यंत्रांनी स्वतःहून जाहीर केलेल्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या. आरएसए पद्धतीची सार्वजनिक किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडणं जवळपास अशक्य असतं, पण दोन किल्ल्यांमध्ये एक मूळ संख्या सामाईक असेल, तर शाळेत शिकलेला मसावि काढला की दोन्ही उघडतात. त्यांनी मसावि काढला आणि तपासलेल्या सुरक्षित वेब सर्व्हरांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या त्यांच्या हाती आल्या, तेही कुणाच्याही यंत्रात लॉगिन न करता! दोष होता राउटर आणि फायरवॉलसारख्या लहान उपकरणांचा. पहिल्यांदा सुरू होताना त्यांच्याकडे पुरेशी यादृच्छिकता नसायची, त्यामुळे दूरदूरच्या यंत्रांनी तोच आकडा निवडला होता. संशोधकांनी निबंध छापण्याआधी उत्पादकांना कळवलं. लिनक्सची यादृच्छिक आकडे बनवणारी यंत्रणाही त्याच वर्षी सुधारली गेली.

आता याच काळातली दुसरी गोष्ट. २०१२ मध्येच एका अनामिकाने संपूर्ण इंटरनेटची मोजणी केली आणि पुढच्या वर्षी ती सगळ्यांसाठी खुली केली. नकाशे सुंदर होते. पण त्यासाठी त्याने सुमारे ४,२०,००० परक्या उपकरणांत, पासवर्ड रिकामा किंवा कारखान्यातलाच असल्याचा फायदा घेऊन, आपला प्रोग्राम घुसवला होता. हेतू कुतूहलाचा असेलही. मी तरी याला संशोधन म्हणणार नाही. दार उघडं दिसणं आणि आत यायला मालकाची परवानगी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपला कायदाही परवानगीवरच बोट ठेवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करण्याबद्दल भरपाईची जबाबदारी टाकतं. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारने ‘संरक्षित’ म्हणून घोषित केलेल्या प्रणालींना हात लावाल, तर कलम ७० आहे आणि तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. सद्‌हेतूने दोष शोधणाऱ्याला या कायद्यात स्वतंत्र कवच नाही. ते असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२२ मध्ये अशा प्रामाणिक संशोधकांवर खटले न भरण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडेही तरुण संशोधकांना असा लेखी दिलासा मिळायला हवा.

तोवर शिकायचं कसं? इंटरनेटला जोडलेली यंत्रं शोधून देणाऱ्या शोदानसारख्या शोधयंत्रावर आपल्याच घरचा किंवा ऑफिसचा पत्ता टाकून बाहेरून काय दिसतं ते पाहा. ऑफिसचं जाळं तपासायचं असेल, तर आधी लेखी परवानगी घ्या. १९९७ पासून वापरात असलेल्या एनमॅप या जाळी तपासण्याच्या साधनाच्या निर्मात्यांनी सरावासाठी स्वतःचा एक सर्व्हर मोकळा ठेवला आहे, ‘स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग’. त्यावर दिवसातून मोजक्या वेळा स्कॅन करायला त्यांची जाहीर संमती आहे. शंभर वेळा नको, पासवर्ड फोडून पाहणं तर नकोच, असंही त्यांनी तिथेच लिहिलंय. आणि परक्या यंत्रणेतली एखादी त्रुटी सहज नजरेला पडली, तर ती वापरून पाहू नका, समाजमाध्यमांवर मिरवू नका. मालकाला कळवा, आणि तिथून उत्तर आलं नाही तर सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवा. अशा सूचना स्वीकारणं हे त्यांचं कामच आहे.