दोन पेन्सिल सेलची गोष्ट

आमच्या बचत गटाचा हिशेब गेली काही वर्षं माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर असतो. बी.ए. झालेल्या बाईने आकड्यांच्या वाटेला जाऊ नये, असं आमच्या ह्यांचं मत. पण बायका विश्वासाने पैसे आणून देतात, तेव्हा शिकावंच लागतं. वायरींचा गुंता नको म्हणून मुलाने वाढदिवसाला वायरलेस कीबोर्ड दिला. मी खूश!

त्या दिवशी गटाचा कर्जाचा अर्ज चारच्या आत बँकेत द्यायचा होता. लाईट गेले तर इन्व्हर्टर होता, प्रिंटरमध्ये कागद होते. आणि तीन वाजता कीबोर्ड अक्षरं गाळायला लागला. ‘कर्ज’चं ‘कज’ झालं, मग सगळंच गप्प. झाकण उघडलं तर एका सेलच्या टोकाला पांढरा चुरा! घरात नवा सेल नाही. शिलाई मशीनसाठी याच कर्जाची वाट बघणारी मैत्रीण समोर बसलेली. मला तिच्याकडे बघवेना. तीच म्हणाली, “ताई, घड्याळांतले काढा की!” चुरा पुसला, घरातली दोन घड्याळं बंद केली आणि कीबोर्ड सुरू झाला. चारला पाच मिनिटं असताना आम्ही बँकेत!

रात्री मुलाने फोनवर शाळा घेतली. साध्या कीबोर्डला वीज अगदी थोडी लागते, म्हणून तर घड्याळातले सेलही चालले. चांगले अल्कलाईन सेल वर्षभरसुद्धा पुरतात. अक्षरांखाली दिवे असतील तर मात्र भराभर संपतात. खरी गोम अशी, की इतके दिवस पुरतात म्हणून आपण त्यांना विसरतो आणि जुना सेल आतल्या आत गळतो. एक नवा, एक जुना असे सेल घालायचे नाहीत. चार्ज करायचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. त्यामुळे स्क्रीनवर सेल किती उरला ते कधीकधी चुकीचं दिसतं. साधे अल्कलाईन सेल चार्जरला लावायचेच नाहीत. गावाला जाताना सेल काढून ठेवायचे. अल्कलाईन सेल गळलाच तर उघड्या हाताने चुरा काढू नये. कापसावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसावं आणि कोरडं करावं.

संपलेले सेल मी आता ओल्या कचऱ्यात टाकत नाही, डब्यात साठवून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांत हे छोटे सेलही येतात.

आता दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झालं, की दोन्ही सेल बदलायचे, हा आमच्या घरचा नेम. कपाटात जुना वायरवाला कीबोर्डही जपून ठेवलाय.

कर्ज मंजूर झालं, मैत्रिणीचं मशीन आलं. पायाने चालवायचं. “ह्याला सेल लागत नाही हो ताई,” असं म्हणून ती मला अजून चिडवते.