जंतूच्या कवचावरील विषहारक प्रथिन

देवगड-मालवणच्या बागाइतदारांस तुडतुड्यासाठीं हापुसाच्या कलमांवर फवारणी करावी लागते. परंतु पंप धुतलेलें पाणी सच्छिद्र जांभ्यांतून विहिरीकडे झिरपण्याचें भय असतें. म्हणून एका शोधाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पॅराथिऑनसारखीं स्फुरदयुक्त कीटकनाशकें फोडणारें एक प्रथिन कांहीं जंतूंच्या अंगीं असतें. त्याचें जनुक घालून तें प्रथिन ‘ई. कोलाय’ नामक जंतूच्या पोटांत तयार करवितां येतें. परंतु त्याच्या कवचांतून विष आंत सावकाश शिरतें व काम मंदावतें. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांतील अशोक मुलचंदानी, विल्फ्रेड चेन प्रभृति शास्त्रज्ञांनीं हें प्रथिन कवचाच्याच प्रथिनांस जोडून बाहेरच्या अंगास आणलें. पहारेकरी माजघरांतून उंबऱ्यावर आणावा, तसेंच हें झालें. विष पूर्वीच्या सातपट वेगानें फुटूं लागलें.

असे जंतु शेतांत सोडण्यास १९८९ च्या नियमांन्वयें केंद्र सरकारची अनुज्ञा लागते, व तें योग्यच होय. तेव्हां आपल्या हातीं आहे तें आपण करावें : पंपाचें धुवण त्याच कलमांवर फवारावें, विहिरीच्या वा व्हाळाच्या कांठीं तें कदापि ओतूं नये.