वसतिगृहात जागा हवी, आठशे पौंडांच्या यंत्रासह!

कॉलेजात प्रवेश मिळाला, की मध्यमवर्गीय घरात लगेच दुसरी चिंता सुरू होते. मुलगा राहणार कुठे? वसतिगृहाचा अर्ज, ओळखीपाळखी, डब्याची सोय! आणि मुलगा चाकांच्या खुर्चीतून वावरणारा असला तर? मग विद्येचे दार उघडे आणि खोलीचे बंद, अशी गत होते. ही कोंडी एका तरुणाने कशी फोडली, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

हा तरुण कॅलिफोर्नियातला. नाव एड रॉबर्ट्‌स, जन्म १९३९ चा. १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओने त्याला गाठले. सॉल्कची लस यायला अजून दोन वर्षे होती. मानेखालचे शरीर लुळे पडले. डाव्या हाताची दोन बोटे आणि पायांची काही बोटे तेवढी हलत. रात्री तो ‘लोखंडी फुप्फुसा’त निजे. हे फुप्फुस म्हणजे माणूस मावेल एवढे पिंप. डोके बाहेर, आतल्या हवेचा दाब यंत्राने कमीजास्त होई, तशी छाती वरखाली होई. वजन आठशे पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोंहून अधिक!

त्याची आई झोनाबाई मोठी खमकी. शाळेने टेलिफोनवरून शिकवले खरे, पण शेवटी दाखला अडवला. कारण काय, तर मुलाने व्यायामाचा आणि मोटार हाकण्याचा अभ्यासक्रम पुरा केला नाही! बाई थेट शाळामंडळापर्यंत भांडल्या आणि दाखला मिळवलाच. पुढे सरकारच्या पुनर्वसन खात्याने शिक्षणाचा खर्च नाकारला. हा मुलगा कधी नोकरी करणार नाही, मग पैसे कशाला घाला, असा खात्याचा हिशेब! वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा खाते नमले.

१९६२ साली एड बर्कलेच्या विद्यापीठात आला. तिथे वसतिगृहांची जमीन त्या यंत्राचे ओझे पेलणारी नव्हती. अपंगांचा प्रयोग आम्ही पूर्वी करून पाहिला, तो साधला नाही, असे एका अधिकाऱ्याने तोंडावर सांगितले. अखेर विद्यार्थी-आरोग्य विभागाचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रून यांनी तोड काढली. विद्यापीठाच्या आवारात कॉवेल नावाचे इस्पितळ होते. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरची जागा त्यांनी देऊ केली.

यावर एडने जी अट घातली, ती मला या साऱ्या हकीकतीत सर्वांत मोलाची वाटते. इमारत इस्पितळाची असली, तरी माझी जागा वसतिगृह समजली पाहिजे! रोग्याला भेटायच्या वेळा ठरलेल्या असतात. विद्यार्थ्याचा दिवा केव्हा मालवायचा, हे त्याचे तो ठरवतो. फरक एवढाच, पण तो केवढा!

पुढल्याच वर्षी जॉन हेस्लर तिथे आला आणि हळूहळू डझनभर मुले जमली. ‘रोलिंग क्वाड्‌स’ हे त्यांच्या टोळक्याचे नाव. त्यांच्याच खटपटीने १९७० मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात वेगळे कार्यालय निघाले. मदतनीस शोधण्यापासून खुर्च्या दुरुस्त करण्यापर्यंत सारे तिथे होई. १९७५ मध्ये एड राज्याच्या पुनर्वसन खात्याचा संचालक झाला. होय, त्याच खात्याचा!

आपल्याकडे आता २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. सरकारी अनुदानाच्या वा मान्यतेच्या शिक्षणसंस्थांत इमारत आणि आवार वावरण्याजोगे असावे, आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय व्हावी, असे त्यात आहे. अशी सोय नाकारणे हा भेदभावच ठरतो. तेव्हा अर्जात आर्जवे, मेहेरबानी ही भाषा नको.

पण अर्ज मोघमही नको. ‘योग्य ती सोय व्हावी’ एवढ्यावरून वसतिगृहप्रमुखाने काय समजावे? खुर्ची किती इंच रुंद आणि दार किती हवे, खोली तळमजल्यावर हवी का, संडासात कमोड आणि धरायला दांडी, रात्री कूस बदलायला लागणाऱ्या मदतनिसाची खाट, खानावळीच्या वाटेवरच्या पायऱ्या, हे सारे लिहावे. लिहू मात्र मुलालाच द्यावे. आपल्याला काय लागते हे आईबापांपेक्षा त्याला ठाऊक असते. प्रवेश पक्का होताच अर्ज द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. नकार आलाच तर तो लेखी मागावा. तो कागद हाती असला, की पुण्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.