घरातले प्रश्न पडद्यावर मांडणारी लोइस वेबर

हॉलिवूडचा पाया घातला जात होता तेव्हा तिथल्या सर्वांत नावाजलेल्या दिग्दर्शकांत एक स्त्री होती. तिने गरिबी, विवाह आणि मातृत्व यांसारख्या विषयांवर निर्भीडपणे चित्रपट काढले. मग तिचे नाव विसरले कसे गेले?

दिग्दर्शनाचे ऑस्कर पारितोषिक एका स्त्रीला पहिल्यांदा मिळाले ते २०१० साली, कॅथरीन बिगेलो हिला. हे वाचून कुणालाही वाटेल की त्यापूर्वी स्त्रिया या क्षेत्रात फारशा नव्हत्याच. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. १९१६ साली युनिव्हर्सल कंपनीत सर्वांत जास्त मानधन घेणारा दिग्दर्शक पुरुष नव्हता. तो मान लोइस वेबर या स्त्रीकडे होता.

पियानोपासून कॅमेऱ्यापर्यंत

लोइसचा जन्म १३ जून १८७९ रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेनी या गावी झाला. हे गाव पुढे पिट्सबर्ग शहरात सामावले गेले. घरचे वातावरण धार्मिक होते. लोइस लहानपणापासून पियानो उत्तम वाजवत असे आणि तरुणपणी तिने गावोगावी जाहीर कार्यक्रमही केले. नंतर ती एका धार्मिक संघटनेत दाखल झाली. गरीब वस्त्यांमध्ये, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून ती प्रार्थनागीते गात असे. दारिद्र्य माणसाचे काय करते, हे तिने तिथे जवळून पाहिले.

त्या काळी नाटकात काम करणे चांगल्या घरातल्या मुलीला शोभणारे मानले जात नसे. तरीही लोइस रंगभूमीवर गेली. १९०४ मध्ये तिने फिलिप्स स्मॉली या नटाशी विवाह केला. काही वर्षांनी पती-पत्नी दोघेही नव्याने सुरू झालेल्या मूकपटांकडे वळले. या नव्या धंद्यात कोणी कोणते काम करायचे याचे नियम अजून पक्के झालेले नव्हते. त्यामुळे लोइस कथा लिही, अभिनय करी, दिग्दर्शन करी आणि चित्रपटाचे संकलनही पाही.

१९१३ मधल्या ‘सस्पेन्स’ या जेमतेम दहा मिनिटांच्या मूकपटात तिची कल्पकता दिसते. तान्ह्या बाळासह एकटी असलेली बाई, घरात शिरणारा चोर आणि दूर कार्यालयात फोनवर तिचे बोलणे ऐकणारा नवरा, हे तिघेही पडद्याचे तीन भाग करून एकाच वेळी दाखवले आहेत. बाईची भूमिका लोइसनेच केली होती. पुढच्याच वर्षी तिने शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’वर पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. असा चित्रपट दिग्दर्शित करणारी ती पहिली अमेरिकन स्त्री मानली जाते.

फाटके बूट आणि शेजारची कोंबडी

लोइसला चित्रपट हे केवळ करमणुकीचे साधन वाटत नव्हते. समाजाला विचार करायला लावण्याची ताकद त्यात आहे, अशी तिची श्रद्धा होती. मात्र त्यासाठी तिने भाषणबाजीपेक्षा घरातल्या साध्या वस्तूंचा आधार घेतला.

१९१६ च्या ‘शूज’ या चित्रपटाची नायिका दुकानात दिवसभर उभी राहून काम करणारी मुलगी आहे. तिच्या तुटपुंज्या पगारावर सारे घर चालते. वडील मात्र कामधंदा न करता कादंबऱ्या वाचत पडलेले असतात. तिच्या बुटांचे तळवे झिजून गेले आहेत. ती पुठ्ठा कापून आत घालते, पण पाऊस आला की तो भिजून जातो. दर आठवड्याला नव्या बुटांची आशा आणि दर आठवड्याला नकार! शेवटी एका जोडासाठी ती स्वतःची अब्रू गमावते. त्यानंतर ती घरी येते तेव्हा कळते, की वडिलांना नोकरी लागली आहे.

१९२१ च्या ‘द ब्लॉट’मध्ये कमी पगार मिळणाऱ्या प्राध्यापकाचे कुटुंब आहे. मुलगी आजारी पडते आणि तिला सकस अन्न हवे असते. पैशाअभावी हतबल झालेली आई शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातली कोंबडी उचलते. मन खाते म्हणून लगेच परतही ठेवते. मुलगी खिडकीतून आईला चोरी करताना पाहते, पण कोंबडी परत ठेवताना पाहत नाही. विद्येला मान द्यायचा, पण विद्या देणाऱ्याचे पोट भरेल इतके वेतन द्यायचे नाही, या ढोंगावर लोइसने नेमके बोट ठेवले.

वादळ उठवणारे विषय

‘व्हेअर आर माय चिल्ड्रन’ या १९१६ च्या चित्रपटात तिने संततिनियमन आणि गर्भपात हे विषय हाताळले. ज्या काळात या गोष्टींचा उच्चारही चारचौघांत होत नसे, त्या काळात हे मोठेच धाडस होते. पेनसिल्व्हेनियात चित्रपटावर बंदी आली, तर इतरत्र तो पाहायला गर्दी उसळली. त्यातली काही मते, विशेषतः गरिबांच्या संततीविषयीची, आज खटकणारी आहेत. पण त्या विषयावर लोकांना बोलायला लावले, हे श्रेय तिचेच.

१९१७ मध्ये तिने स्वतःची निर्मितीसंस्था आणि स्टुडिओ सुरू केला. शक्य तिथे ती नकली देखाव्यांऐवजी खऱ्या घरांत चित्रीकरण करी.

उतरती कळा

१९२० नंतर काळ बदलला. महायुद्धानंतरच्या प्रेक्षकाला चटपटीत, झगमगते चित्रपट हवे होते. लोइसचे चित्रपट उपदेश करणारे वाटू लागले. त्याच सुमारास चित्रपट हा मोठ्या भांडवलाचा धंदा झाला. मोठ्या कंपन्यांनी निर्मितीबरोबर वितरण आणि चित्रपटगृहेही ताब्यात घेतली, त्यामुळे लहान संस्थांना टिकाव धरणे कठीण झाले. जिथे पैसा आणि अधिकार एकवटले, तिथून स्त्रिया बाजूला सारल्या गेल्या. लोइसची संस्था बंद पडली आणि १९२२ मध्ये घटस्फोटही झाला.

ती पुन्हा उभी राहिली. १९२६ आणि १९२७ मध्ये तिने पुन्हा चित्रपट दिग्दर्शित केले. १९३४ मधला ‘व्हाइट हीट’ हा तिचा अखेरचा आणि एकमेव बोलपट. १३ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या साठाव्या वर्षी तिचे निधन झाले. तेव्हा तिच्याजवळ पैसा उरला नव्हता. अंत्यसंस्काराचा खर्च पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन हिने केला. याच फ्रान्सिसला चित्रपटक्षेत्रात पहिली संधी लोइसने दिली होती.

तिच्या शंभराहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. त्या वेळची फिल्म लवकर पेट घेणारी आणि कुजणारी होती, शिवाय मूकपट जपून ठेवावेत असे कुणाला वाटलेही नाही. चित्रपट नाहीसे झाले तसे नावही पुसले गेले. मात्र अभ्यासकांनी चिकाटीने शोध घेतला. नेदरलँड्समधल्या चित्रपट संग्रहालयाने ‘शूज’ची डागडुजी करून तो २०१० मध्ये पुन्हा पाहण्याजोगा केला.

शंभर वर्षांपूर्वीचा तो मूकपट आजही जुना वाटत नाही. घर चालवणाऱ्या मुलीची गरज घरात सर्वांत शेवटी मोजली जाते, हे लोइसने तेव्हा दाखवले होते. आपल्या घरात तरी असे होत नाही ना, एवढे प्रत्येकाने पाहिले तरी तिची मेहनत वाया गेली नाही असे म्हणता येईल.