पर्कोलेटरची कॉफी कडू का होते?

मंडळी, आपल्या खर्ड्यात काय किंवा कुठंही काय, चहा चांगला उकळल्याशिवाय आपल्याला तो चहा वाटतच नाही. पर्कोलेटरमधली कॉफी बिघडते ती नेमकी या सवयीनं.

त्याची रचना बघा. खाली पाणी, मध्ये उभी नळी, वर भोकांच्या डब्यात कॉफीची पूड. तळाशी झालेली वाफ पाणी नळीतून वर ढकलते. ते पुडीवर पडतं, झिरपून खाली येतं आणि पुन्हा वर चढतं. म्हणजे तयार झालेली कॉफीच परत परत पुडीतून जाते. आधी स्वाद उतरतो, कडवटपणा मागाहून.

मग करायचं काय? पूड जाड्या रव्यासारखी घ्या. बारीक असली तर गाळ खाली उतरतो. कपाला साधारण १० ग्रॅम पुरे. झाकणावरच्या काचेत पहिली उसळी दिसली की आच मंद करा, ६-७ मिनिटांत उतरवा आणि पुडीचा डबा लगेच बाहेर काढा. दूध वेगळं तापवा, पर्कोलेटरमध्ये ते करपतं. जायफळ आवडत असेल तर कपात किसा.

आणि कडक हवी असेल, तर पूड वाढवा. वेळ वाढवू नका.