ओळीआधीची मोकळी जागा

वाचनालयाचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडला तो मला त्यातलं कळतं म्हणून नव्हे, बाकी कुणालाच कळत नव्हतं म्हणून. भाड्याचा एक छोटा सर्व्हर, त्यावर लिनक्स आणि लिनक्सवर पोस्टफिक्स. व्हीत्से व्हेनेमा या डच संगणकतज्ज्ञाने आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि १९९८ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. पैसे पडत नाहीत, वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. बिघडलं की मात्र ज्याच्यावर ओरडावं असा कुणी नसतो.

वार्षिक सभेची नोटीस सोमवारी सकाळी १८० सभासदांना पाठवली. गुरुवारी कार्यवाहांचा फोन आला, "अहो, एकालाही नोटीस मिळालेली नाही!" तीन दिवस मला पत्ताच नव्हता. मेल अडला तरी पोस्टफिक्स गवगवा करत नाही. तो रांगेत ठेवतं, थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतं आणि मूळ सेटिंग तसंच असेल तर पाच दिवसांनी पाठवणाऱ्याला परत करतं. उशीर होतोय हे मधेच कळवायची सोय आहे, पण ती आपण चालू करायची असते. मी केलेली नव्हती. म्हणजे शनिवार सकाळपर्यंतच हातात वेळ होता.

रांग उघडून पाहिली तर लांबलचक यादी. बहुतेक नोंदींपुढे जीमेलच्या सर्व्हरचं नाव, २५ नंबरचा पोर्ट आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट'. मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: जीमेल आमचे मेल अडवतंय. रात्री अकराला इंटरनेटवर मदत मागितली तीही याच थाटात. जीमेल आम्हाला का अडवतं, सभा तोंडावर आली आहे, कृपया लवकर सांगा. दुखणं सांगायचं सोडून निदान सांगितलं, आणि वर घाई.

वीसेक मिनिटांत उत्तर आलं. अनोळखी माणूस, कुठल्या देशातला देव जाणे. एकच ओळ होती: लॉगमधल्या संबंधित ओळी आणि 'पोस्टकॉन्फ एन' या आज्ञेचं उत्तर पाठवा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. इंग्रजीतल्या एका 'यू'मध्ये तू, तुम्ही, आपण सगळे दाटीवाटीने बसलेले असतात, आणि वैतागलेल्या माणसाला त्यातला 'तू'च तेवढा ऐकू येतो. मी त्याने मागितलेलं न देता 'मेन डॉट सीएफ' ही अख्खी सेटिंगची फाइल चिकटवली. त्यातही डोमेनच्या जागी एक्सवायझेड, आणि आमचे मेल ज्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत बाहेर जातात तिचं नाव असलेली 'रिलेहोस्ट'ची ओळ गुप्ततेपोटी उडवून दिलेली.

त्याने विचारलं, रिलेहोस्ट लावलेलाच नाही का? मी म्हटलं, लावलाय, फक्त दाखवत नाही. यावर तो म्हणाला, जे दिसत नाही ते मी दुरुस्त कसं करू? मी 'पोस्टकॉन्फ एन' मागितलं होतं.

हे वाचून डोकं फिरलं. उंटावरून शेळ्या हाकतोय, मेन डॉट सीएफमध्ये सगळं लिहिलेलंच आहे की! अशा वेळी हटकून आठवतो तो एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा, शहाण्यासारखे प्रश्न कसे विचारावेत हे शिकवणारा लेख. २००१ पासून तो नवख्यांच्या तोंडावर फेकला जातो. त्यातलं बरंचसं बरोबर आहे, पण सूर मला आजही शिष्ट वाटतो. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या माहितीपत्रकात, दोष शोधण्याच्या प्रकरणात, हीच गोष्ट जास्त कामाची होऊन येते. ते मी अखेर त्या रात्री नीट वाचलं. लॉग द्या, पण तुमच्या मते काय चुकतंय तेही सांगा. मेन डॉट सीएफ पाठवू नका, पोस्टकॉन्फ एनचं उत्तर पाठवा. पत्ते झाकायचेच असतील तर सगळीकडे सारखे झाका: प्रत्येक अक्षराच्या जागी ए, प्रत्येक अंकाच्या जागी डी. म्हणजे नाव कळणार नाही, पण टिंब, कंस, स्वल्पविराम जागच्या जागी राहतील आणि लिहिण्यातली चूक मदत करणाऱ्याला दिसेल.

मुकाट्याने आज्ञा चालवली. मेन डॉट सीएफमध्ये आपण जे स्वतः लिहून ठरवलं आहे तेवढंच ती दाखवते, एका सेटिंगला एक ओळ. पंचवीसेक ओळी आल्या. ए आणि डी भरत खाली आलो, आता रिलेहोस्ट झाकू म्हटलं, तर रिलेहोस्टने सुरू होणारी ओळच नाही. शोधलं तेव्हा सापडला तो 'मायडेस्टिनेशन' या दुसऱ्याच सेटिंगच्या ओळीच्या शेपटाला, बरोबरच्या चिन्हासकट.

आता उजेड पडला. मेन डॉट सीएफमध्ये एखादी ओळ मोकळ्या जागेने सुरू झाली की पोस्टफिक्स तिला आधीच्या ओळीचाच उरलेला भाग समजतं. लांब ओळी मोडून लिहिता याव्यात म्हणून केलेला हा नियम. रविवारी मी मायडेस्टिनेशनमध्ये वाचनालयाचं नवं डोमेन घातलं होतं. तेव्हा खालच्या रिलेहोस्टच्या आधी एक स्पेस पडली असावी. ती ओळ वरच्या ओळीने गिळली आणि लॉगमध्ये त्याबद्दल अक्षरही नाही. बाहेरचा रस्ता कुठला हेच माहीत नसल्याने सर्व्हर प्रत्येक मेल थेट २५ नंबरच्या पोर्टवरून न्यायला बघत होता, आणि ज्यांच्याकडून सर्व्हर भाड्याने घेतला त्यांनी बाहेर जाणारा तो पोर्ट, स्पॅमच्या भीतीने बरेच जण ठेवतात तसा, बंद ठेवलेला. जीमेलच्या दारापर्यंत आमचा मेल पोचलाच नव्हता. मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

रविवारचा बदल मी त्या माणसाला सांगितलाच नव्हता. मायडेस्टिनेशन म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या मेलची गोष्ट, अडलेत ते जाणारे, मग संबंध काय, असा माझा हिशेब. पण कशाचा कशाशी संबंध आहे हे मला कळत असतं तर रात्री अकराला मदत मागावी लागली नसती. मेन डॉट सीएफमध्ये मी काय लिहिलंय असं मला वाटत होतं ते होतं, आणि सर्व्हरला काय कळलं ते पोस्टकॉन्फमध्ये. तो बिचारा दोनदा दुसरंच मागत होता.

स्पेस खोडली, पोस्टफिक्स रीलोड केलं, रांगेला ढकलणारी आज्ञा दिली. पाच-सहा मिनिटांत यादी रिकामी. मग त्याला कारण, उपाय आणि माझी चूक असं सगळं लिहून कळवलं, आणि पुन्हा कुणी याच खड्ड्यात पडला तर उपयोगी पडावं म्हणून झाकलेलं उत्तरही जोडलं. त्याचा उलट निरोप आला, "छान. लिहून कळवल्याबद्दल आभार." आभार त्याने मानले, हे जरा लागलंच.

शुक्रवारी सकाळी कार्यवाहांना फोन करून मेल पोचल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या. मी कालच शिपायाला घरोघर पाठवून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात."